खोबरेल तेल आणि पाच मॅगझिनं

ही गोष्ट मी आजवर चारशे वेळा सांगितली असेल, आणि चारशेही वेळा खोटी सांगितली. लग्नाच्या पंगतीत सांगितली, ऑफिसच्या सहलीत सांगितली, एकदा तर दातांच्या डॉक्टरला तोंडात कापसाचे बोळे असताना सांगितली आणि त्या बाईला हसू आवरेना म्हणून माझी दाढ अर्धा तास उशिरा निघाली. आता पन्नाशी आली, डोक्यावरचे केस सोडून गेले, म्हणून एकदा ती जशी घडली तशी लिहून ठेवतो आहे. खरं लिहायची सवय नाही, तेव्हा मधेमधे हात घसरेल. जिथे घसरेल तिथे मीच सांगेन. हे बघा, लगेच सुरुवात: दाढ दहाच मिनिटं उशिरा निघाली.

मी न्युरेम्बर्गला शिकायला गेलो तेव्हा माझ्या खिशाला परवडेल अशी खोली त्या शहरात नव्हती. म्हणून मी हेर्त्सोगेनआउराखला कुंदामावशीकडे राहत असे आणि रोज बसने जाऊन-येऊन करत असे. घर तिसऱ्या मजल्यावर. सकाळी सहाला समोरच्या म्हातारीच्या खिडकीचा लाकडी पडदा खडखडत वर जायचा, तेच आमचं घड्याळ. मग खोली तापवणाऱ्या हाइत्सुंगच्या पांढऱ्या लोखंडी पट्ट्यांमधून गरम पाणी पोटात गुडगुडल्यासारखं फिरायला लागायचं, आणि पाठोपाठ मावशीच्या हाताखाली थालीपीठ थापल्याचा थपथप आवाज. दुपारी एक ते तीन इमारतीत शांतता पाळायचा नियम होता, म्हणून मावशी बरोबर बाराला पंचावन्न झाले की मिक्सरवर लसणीची चटणी फिरवायची. पाच मिनिटं असा गदारोळ की खालचे म्युलरसाहेब जेवणाच्या वेळा त्यावरून ठरवत. माझी मावसबहीण रेवा तेव्हा अकरा वर्षांची. मावशी हाक मारायची, "रेवा, पानं घेतलीत, ये!" आणि आतून उत्तर यायचं, "कोमं ग्लाइश!", म्हणजे 'आलेच'. मराठी कळायचं सगळं, पण बोलायची जर्मन. आणि त्या हाइत्सुंगवर, रेवाच्या वाळत घातलेल्या मोज्यांच्या शेजारी, खोबरेल तेलाची निळी बाटली बारा महिने उभी असायची. जर्मनीतल्या प्रत्येक मराठी घरात ती तिथेच असते. खाली उतरवली की तासाभरात दगड. मला हे ठाऊक होतं, हे इथेच लिहून ठेवतो, कारण पुढे कुणाला वाटायला नको की मला ठाऊक नव्हतं.

शरदकाका, म्हणजे मावशीचे यजमान, हे त्या घरातलं सगळ्यात कमी आवाजाचं यंत्र. कारखान्यात बॉल-बेअरिंगची मापं तपासायचं काम. केसाच्या विसाव्या भागाइतका फरक ते डोळ्यांनी ओळखत असं मी सांगत असे. खरं म्हणजे त्यासाठी त्यांच्याकडे उपकरण होतं. वीस वर्षं त्याच टेबलावर. त्यांनी शिकवलेली पोरं त्यांचे साहेब झाली, आणि काका त्यांनाही "गेनाऊ", म्हणजे 'अगदी बरोबर', म्हणून मान डोलवत राहिले. घरात दिवसाकाठी त्यांचे शब्द मोजून चार: जा, गेनाऊ, आल्झो (म्हणजे 'तर मग') आणि माझ्यासाठी 'मंदारराव'. ते 'राव' थोडं थट्टेनं असायचं, पण मला ते पदवीसारखं वाटे.

अशा माणसाला कारखान्यातल्या हॉर्स्ट नावाच्या मित्राने नेमबाजीच्या क्लबात नेलं. तीही साधी नेमबाजी नव्हे, जिथे एका जागी श्वास रोखून उभं राहून चकतीवर नेम धरतात. ही पळण्याची. कमरेच्या पट्ट्याला पिस्तूल, मागे हातात घड्याळ घेतलेला पंच, भोंगा वाजला की धावायचं, लाकडी भिंतीआडून, खिडकीतून, गुडघ्यावर बसून पुठ्ठ्याची टार्गेटं टिपायची. नेमही मोजतात आणि सेकंदही. शरदकाका पळतात, ही बातमी मावशीने जाऊन स्वतः पाहीपर्यंत मानलीच नाही. परत आल्यावर म्हणाली, "अगंबाई, पळतात गं! आणि तोंड कसं हसरं!"

शुक्रवारी संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर जुनं वर्तमानपत्र पसरून काका सामान मांडत. मी समोर बसून चहा ढोसत असे आणि ते एकेक वस्तू हातात घेऊन बोलत. आठवड्याचे उरलेले सगळे शब्द तिथे बाहेर पडत. "लोक आधी पिस्तुलावर पैसे घालतात. आधी पट्टा घ्यावा. पट्टा हलला की सगळं हललं." पट्टा दुहेरी होता: आतला पँटच्या लुपांतून, बाहेरचा त्याच्यावर चिकटणारा, भांड्याच्या कडेसारखा ताठ. "बूट धावायचे नकोत, चिखलाचे हवेत. कानावरचं आवरण घालायच्या आधी टोपी. चष्मा घरून घालूनच निघायचं, म्हणजे विसरत नाही." पिस्तूल झोपायच्या खोलीतल्या तिजोरीत, किल्ली काकांकडे, त्याला मी हात लावायचा नाही, हा कायदाही होता आणि काकाही होते. माझ्या वाट्याला मॅगझिनं. गोळ्या भरायच्या त्या लांबट लोखंडी डब्या, आत स्प्रिंग, स्प्रिंगच्या डोक्यावर एक सरकती पट्टी, जी गोळ्यांना वर ढकलते. अशा पाच. त्यांवर मावशीच्या लाल नेलपॉलिशने १ ते ५ आकडे काढलेले, मराठीत. "आकडा घालावाच," काका म्हणत. "कुठलं आजारी आहे ते कळतं." क्लबातल्या लोकांना ते आकडे म्हणजे भारतातली नक्षी वाटे.

आणि मॅगझिनांबद्दल त्यांचा एकच नियम, जो मी शंभरदा ऐकला आहे (सात-आठदा): "कोरडी. ब्रशने साफ करायची, फडक्याने पुसायची. पाणी नाही, तेल नाही. तेलाला धूळ चिकटते, थंडीत तेल जड होतं, आणि गोळी वर येत नाही."

दुसरा नियम बोटाचा. नेम धरेपर्यंत बोट घोड्यावर न्यायचं नाही, सरळ लांब बाहेर ठेवायचं. जर्मन ओरडतात, "फिंगर लांग!" काकांच्या तो इतका अंगात मुरला होता की भिंतीला भोक पाडायचं यंत्र धरलं, झाडांना पाणी घालायची नळी धरली, अगदी टीव्हीचा रिमोट धरला तरी उजव्या हाताचं पहिलं बोट सरळ. आणि तिसरा नियम सगळ्यांत मोठा: पिस्तुलाचं तोंड कायम समोरच्या मातीच्या बांधाकडे. तुमच्या दोन्ही खांद्यांतून डावी-उजवीकडे एक रेघ जाते असं धरायचं. पळताना, वळताना, काही अडकलं तर ते सोडवतानाही तोंड त्या रेघेच्या मागे गेलं, तर पंच ओरडतो "स्टॉप", आणि तुम्ही त्या दिवसापुरते बाद. पहिल्या मिनिटाला असो की शेवटच्या. वाद नाही, विनंती नाही. तीन वर्षांत काका एकदाही बाद झाले नव्हते. क्लबात हातोड्यासारखे पंजे असलेले लोक होते, खाटीक, सुतार, ट्रकवाले, ते नव्या माणसाला सांगत, "शारादकडे बघ. तो करतो तसं कर."

आता माझं. मी क्लबात पाहुणा म्हणून चारदा गेलो होतो, हॉर्स्टच्या देखरेखीखाली एकूण साठेक गोळ्या झाडल्या होत्या आणि त्यांतल्या बऱ्याच अजून बव्हेरियाच्या जंगलात फिरत असतील. पण विद्यापीठाच्या कॅन्टीनमध्ये मी अर्धा चॅम्पियन होतो. इंटरनेटवर नेमबाजांची एक चर्चेची जागा होती, तिथे मी खोट्या नावाने वीस वर्षांचा अनुभवी होतो. मेक्सिकोतला एक गृहस्थ मला पट्टा कुठला घेऊ म्हणून विचारायचा आणि मी काकांची वाक्यं काकांच्या टेबलावर बसून त्याला माझी म्हणून पाठवायचो. सल्ला देण्याचा असा नाद की, एखाद्याने वेळ विचारली तरी मी घड्याळ कुठलं घ्यावं ते सांगे.

त्या शरद ऋतूत क्लबात ठरलं की नव्या सभासदांना सुरक्षिततेचे धडे द्यायला एक माणूस नेमायचा. जुने गुरुजी थकले होते. क्लबाचा कारभार बघणाऱ्या हॉर्स्टने काकांना गाडीत गुपचूप सांगितलं होतं: रविवारची दगडखाणीतली मॅच होऊ दे, संध्याकाळी क्लबघरात तुझं नाव जाहीर करतो. काकांनी हे मावशीला सांगितलं, मावशीने मला, आणि मी कुणाला नाही, यावरून गोष्ट किती मोठी होती ते कळेल. त्या आठवड्यात रोज सकाळी न्हाणीघरातून पाण्याच्या आवाजातून काकांचा आवाज येई: "लीबं शूत्सनफ्रॉइंडं..." प्रिय नेमबाज मित्रहो. चार वाक्यांचं भाषण. कागदावर लिहून, घडी घालून सदऱ्याच्या खिशात. रेवा दाराबाहेरून 'नाइन', म्हणजे 'नाही', म्हणत उच्चार सुधारायची: "पापा, नाइन! पुन्हा." आणि वीस वर्षं मापं तपासणारा तो माणूस आतून पुन्हा म्हणायचा.

शनिवारी संध्याकाळी मराठी मंडळाची दिवाळी होती, चर्चच्या भाड्याच्या हॉलमध्ये. मावशी आणि रेवा सजावटीला दुपारीच गेल्या. काका सकाळच्या मॅचसाठी लवकर झोपणार होते. आदल्या आठवड्याच्या सरावात पाऊस झाला होता. मॅगझिनांत वाळू होती. त्यांनी पाचही माझ्या हातात दिली.

"मंदारराव, एवढं करून जाशील? ब्रशने."

"काका, मला सांगता?"

"पाणी नाही, तेल नाही."

"पाठ आहे हो."

"जा," काका म्हणाले, म्हणजे जर्मनमधलं 'हो', आणि आत जाऊन आडवे झाले.

पाच मॅगझिनं खोलून ब्रशने साफ करायला पाऊण तास लागतो. माझी बस अर्ध्या तासात होती. हॉलमध्ये एरलांगेनहून येणारी एक मुलगी असणार होती, जिला मी सांगितलं होतं की मी क्लबाचा प्रशिक्षक आहे. हो. ज्या जागेसाठी काका न्हाणीघरात उच्चार घोकत होते, ती जागा मी तिच्यापुरती आधीच घेऊन टाकली होती. मी पाचही डब्या खोलल्या, स्प्रिंगा सुट्या केल्या आणि सगळं उचलून भांडी धुवायच्या यंत्रात घातलं. जलद धुलाई, पंधरा मिनिटं. वाळू गेली, चकचकीत झालं. पण स्प्रिंगच्या वेढ्यांत पाणी बसलं, पुसून जाईना, आणि मला गंजाची भीती वाटली. बंदुकीचं तेल तिजोरीत. तिजोरी काकांच्या उशाशी. उठवलं तर पाणी का लावलं हे सांगावं लागणार. समोर हाइत्सुंगवर निळी बाटली, आत तेल पाण्यासारखं पातळ, सोनेरी. मी हातावर ओतलं आणि स्प्रिंगांना, पट्ट्यांना, डब्यांच्या आतून, दिवाळीचं अभ्यंग घालावं तसं चोपडलं. गंज काय, पुढच्या तीन पिढ्या त्या मॅगझिनांना कोंडा होणार नव्हता. जोडली, पुसली, १ ते ५ ओळीने पिशवीत ठेवली, आणि बस पकडली. ती मुलगी आलीच नव्हती.

सकाळी गाडीच्या काचांवर बर्फाची साय होती. मावशीने थालीपिठं आणि नारळाच्या वड्यांचा डबा दिला होता. हॉर्स्टला थालीपीठ फार आवडे, तो त्याला 'टालिपिट' म्हणायचा आणि त्यावर मोहरी लावून खायचा. मॅगझिनांची पिशवी माझ्या पायांशी, जिथे गाडीची गरम हवा येते. थोड्या वेळाने काकांनी नाक ओढलं. "खोबऱ्याचा वास छान सुटलाय."

"वड्या," मी म्हणालो.

खाणीत पोचल्यावर त्यांनी टेबलावर उभं राहून मॅगझिनं भरली. अंगठ्याने गोळी दाबली की ती लोण्यात गेल्यासारखी आत जायची. काकांनी माझ्याकडे बघून भुवया उंचावल्या. "आज सुळसुळीत जातायत. शाबास. मन लावून केलंस." माझ्या आयुष्यात मला बरीच बक्षिसं मिळाली, त्यांतली काही खरीही आहेत. पण कौतुक परत करावंसं वाटलं ते तेवढं एकदाच. मी तोंड उघडलं होतं. शपथेवर सांगतो, उघडलं होतं. तेवढ्यात शिट्टी झाली आणि सगळ्यांना नियम समजावून सांगायला एकत्र बोलावलं.

ते समजावणं तासभर चाललं. त्या तासात काका कमरेला मॅगझिनं लावून गोठलेल्या दगडांवर उभे होते आणि मी दर पाच मिनिटांनी स्वतःला सांगत होतो की काही होणार नाही. पहिल्याच फेरीला काकांचं नाव पुकारलं. पंच एक उंच बाई होत्या, वेणी घातलेल्या, आवाज कापल्यासारखा. आज्ञा सगळीकडे इंग्रजीतच असतात. "लोड अँड मेक रेडी." काकांनी पहिलं मॅगझिन चढवलं. "आर यू रेडी? स्टँड बाय." भोंगा.

पहिल्या दोन गोळ्या सुटल्या. लोखंडी पाटी 'टंग' वाजली. काका डावीकडे धावले, खिडकीशी पोचले, घोडा ओढला आणि नुसतं 'टक' झालं. आत गोळीच नव्हती. खालून वर आली नव्हती. त्यांनी ते मॅगझिन टाकलं, दुसरं चढवलं, पिस्तुलाचा वरचा सरकता भाग मागे ओढून सोडला. पुन्हा 'टक'. दुसरंही तसंच. आता ते बाहेर निघेना. काकांनी पिस्तूल छातीजवळ घेतलं आणि डाव्या हाताने मॅगझिन ओढलं, बोट अर्थात बाहेर, सरळ. पण ओढताना हिसका बसला, मनगट फिरलं, आणि पिस्तुलाचं तोंड खांद्याच्या रेघेच्या मागे गेलं. एक वीतभर. क्षणभर.

"स्टॉप!"

पाठीमागच्या पंचवीस माणसांतून एक आवाज निघाला, एकच, सगळ्यांच्या नाकातून. खाणीत शंभर माणसं होती असं मी सांगतो, पंचवीस. पण ते सगळे क्लबातले होते. काका जागच्या जागी थांबले. बाईंनी सांगितलं तसं पिस्तूल रिकामं केलं, दाखवलं, पट्ट्याला अडकवलं. बाई म्हणाल्या, "बाद. मला वाईट वाटतं, शाराद." काका म्हणाले, "गेनाऊ," आणि त्यांच्याशी हात मिळवला.

मग टेबलाशी त्यांनी ते मॅगझिन खोललं. मीही गेलो, पाय नेतील तसा. तळाची पट्टी निघाली आणि स्प्रिंग बाहेर आलीच नाही. ती आत रुतून बसली होती, घट्ट, पांढऱ्या मेणात. हॉर्स्टने वाकून पाहिलं. "वास इस्ट दास?" म्हणजे, हे काय? "चरबी?" काकांनी डबी नाकाशी नेली. एक सेकंद. मग माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. त्यांची ती नजर मला ओळखीची होती, बेअरिंगचं माप चुकलेलं दिसल्यावर ते जसे बघत: नेमकं किती चुकलं आहे, एवढंच.

मी काहीही बोललो नाही. मी! मेक्सिकोला सल्ले देणारा, ज्याला गप्प बसवायला मावशीला तोंडात लाडू कोंबावा लागे, तो मी दगडासारखा उभा राहिलो. आणि काका जर्मनमध्ये म्हणाले, "खोबरेल तेल आहे. मी लावलं. घाई होती. माझी चूक."

"तू?" हॉर्स्ट म्हणाला. "तूच तर आम्हाला बजावतोस, कोरडी ठेवा म्हणून!"

"जा," काका म्हणाले.

या खेळात बाद झालेला माणूस घरी जात नाही. नियम म्हणून नाही, रीत म्हणून. तो थांबतो आणि दिवसभर इतरांची टार्गेटं बुजवतो. प्रत्येक खेळाडू नेम धरून गेला की पुठ्ठ्यातल्या भोकांवर तपकिरी चिकटपट्टीचे चौकोन लावायचे, म्हणजे पुढच्यासाठी पुठ्ठा कोरा. चार वाजेपर्यंत मी आणि काका ते करत होतो. बोटं बधिर झालेली. मी एकदा म्हणालो, "काका, मी..."

"कडा दाबून लाव," ते म्हणाले. "थंडीत नीट चिकटत नाही."

थोड्या वेळाने पुन्हा म्हणालो, "काका."

"वड्या खाल्ल्यास का? जा, डबा गाडीत आहे."

संध्याकाळी क्लबघरात बिअर आणि बटाट्याच्या गोळ्यांचा वास कोंदला होता. हॉर्स्ट उभा राहिला, घसा खाकरला, आणि नव्या सभासदांचा गुरू म्हणून स्वतःच्या मेव्हण्याचं नाव जाहीर केलं. काकांकडे न बघता. टाळ्या झाल्या. मग काका उठले. मला वाटलं, भाषण. हात खिशाकडे गेलाही, पण कागद बाहेर आला नाही. "लीबं शूत्सनफ्रॉइंडं," ते म्हणाले, उच्चार अगदी रेवाने शिकवला तसा. "आज मी माझ्या मॅगझिनांना केसांचं तेल लावलं. ते आता मऊ आणि लांबसडक होतील अशी मला आशा आहे. तुम्ही असं करू नका." क्लबघर कोसळेल असे लोक हसले. टेबलं बडवली. कुणीतरी ओरडलं, "कोकोस!", म्हणजे नारळ, आणि त्या दिवसापासून शरदकाकांचं नाव कोकोस पडलं.

घरी मावशीने दार उघडताच विचारलं, "अहो, झालं का जाहीर?"

"बाद झालो. मॅगझिन अडकलं."

"असं कसं अडकलं?"

"थंडी होती," काका म्हणाले आणि बूट काढायला वाकले.

दुसऱ्या दिवशी मावशीने निळी बाटली उजेडात धरली. "परवा फोडलेली बाटली अर्धी? रेवा, तू सांडलंस ना?" "नाइन!" मावशीचा हात वर गेला होता, म्हणून मी म्हणालो, "मी लावलं, मावशी. डोक्याला." हे त्या प्रकरणातलं माझं एकमेव सत्याच्या जवळ जाणारं वाक्य. त्या डोक्याने पुढे माझा चांगलाच सूड घेतला.

इथवर फक्त भित्रेपणा होता. तो तेवीस वर्षांच्या पोराला माफ होऊ शकतो. पण पंधरा दिवसांनी कॅन्टीनमध्ये कुणीतरी विचारलं, "काय रे, मॅचचं काय झालं?" आणि मी तोंड उघडलं, आणि त्यातून ती गोष्ट बाहेर पडली. काकांची. 'आमचे एक काका आहेत, बावळट, बंदुकीला खोबरेल लावतात.' टेबल हसून लोळलं. मला कळलं की हाती सोनं लागलंय. पुढच्या वेळी काकांनी बंदुकीला शिकेकाईही लावली. मग बंदुकीची वेणी घातली. मग पंचबाई त्या तेलावर घसरून पडल्या. एका माणसाने मला वाचवायला चार शब्दांचं खोटं सांगितलं, आणि त्या खोट्याच्या भांडवलावर मी पंचवीस वर्षं मैफली मारल्या. दोनदा तर ती मी त्यांच्यासमोर सांगितली. ते हसले. दुसऱ्यांदा मी विसरलो तेव्हा त्यांनीच आठवण करून दिली, "अरे, हॉर्स्टने चरबी म्हटलं होतं, ते राहिलं."

काका त्या हिवाळ्यात क्लबात जात राहिले. टार्गेटं बुजवायचे. नव्या लोकांना हॉर्स्टचा मेव्हणा शिकवायचा, आणि कुणी काही चुकलं की मागून कुणीतरी म्हणायचं, "कोकोसला विचारा!" वसंतात त्यांनी पिस्तूल रीतसर विकलं. पट्टा मला दिला. मी तो कधी घातला नाही. माझ्या कमरेला तो पुरतही नाही.

गेल्या उन्हाळ्यात रेवाकडे सगळे जमलो होतो. तिचा नवरा जर्मन, भला माणूस, त्याने जेवण झाल्यावर टाळी वाजवली: "मंदार, कोकोस!" काका कोपऱ्यातल्या खुर्चीत होते, हात थोडा थरथरतो आता. मी सुरुवात केली, आणि हॉर्स्ट वाकून मॅगझिन बघतो तिथपर्यंत येऊन थांबलो. काय झालं कोण जाणे. म्हणालो, "ऐका. तेल मी लावलं होतं. काका झोपले होते. मी यंत्रात धुतली आणि मी लावलं."

रेवा हसायला लागली. "हे नवीन आहे!" तिचा नवरा मांडी थोपटत म्हणाला, "ही सगळ्यांत चांगली!" मावशीनेसुद्धा डोळे पुसले. "काय बाई हा मुलगा, दर वेळी काहीतरी नवं जोडतो."

"खरं सांगतोय," मी म्हणालो. ते आणखी हसले. मी काकांकडे बघितलं. या जगात एकच साक्षीदार होता.

"छे," काका म्हणाले. "मीच लावलं."

रेवाची पाच वर्षांची मुलगी हिरवी पाण्याची पिचकारी घेऊन त्यांच्याजवळ आली. काकांनी तिला गुडघ्यांमध्ये उभं केलं, तिचं कोपर धरलं, तोंड बागेतल्या झाडाकडे वळवलं. "फिंगर लांग," तिच्या कानाशी हळू म्हणाले. "बोट बाहेर. तोंड नेहमी समोर. कुणी हाक मारली तरी वळायचं नाही." पोरगी श्वास रोखून ऐकत होती. तसं आजवर मी कुणाला कुणाचं ऐकताना पाहिलेलं नाही, आणि हे मी वाढवून सांगत नाही. नेम साधून झाल्यावर ती धावत आली आणि पिचकारी माझ्या हातात दिली, "आता तू." सगळे माझ्याकडे बघून अजून हसतच होते. मीही हसलो, पिचकारी उचलली.

"मंदारराव," काका म्हणाले. "बोट."